शेवटचे सोळा मीटर

वाशीम जिल्ह्यातल्या रिसोड-मालेगावकडच्या हळदीच्या एखाद्या प्लॉटमध्ये सबमेनच्या, म्हणजे नळ्यांना पाणी पुरवणाऱ्या पाइपाच्या, बाजूची हळद काळपट हिरवी आणि उंच असते, तर गादीवाफ्याच्या दुसऱ्या टोकाची फिकट, जराशी बुटकी. ओल मात्र दोन्हीकडे सारखीच. "नयीच्या शेवटाले पानी येते, खतच येत नाही," ही तक्रार वऱ्हाडातल्या ठिबकवाल्या शेतकऱ्याच्या तोंडी सहज बसणारी आहे. दुकानदार म्हणतो, खत भारीतलं घ्या. मेकॅनिक म्हणतो, ड्रीपर चोक झाले, ॲसिड सोडा. दोघांचं अधूनमधून खरंही असतं. पण नळी कोरी करकरीत, खत उत्तम आणि पाणी नितळ असतानाही हा फरक पडू शकतो. तेव्हा दोष शोधायचा तो पाण्याच्या चालीत.

ठिबकचा एक एकर घेऊ. वाशीम जिल्ह्यात सोयाबीनखालोखाल तूर-हरभऱ्याचं नाव निघत असलं, तरी ठिबकच्या नळ्या दिसतात त्या मुख्यतः हळदीत आणि मंगरूळपीर-कारंजा पट्ट्यातल्या संत्र्यात. हळदीच्या वाफ्यांत साधारण दीड मीटरवर एक नळी, नळीत दर ४० सेंटिमीटरला ताशी २ लिटर सोडणारा ड्रीपर, असा हिशेब धरला तर एकरात साडेसहा हजारांच्या वर ड्रीपर होतात आणि ताशी सुमारे १३ हजार लिटर पाणी लागतं. एवढं पाणी ६३ मिलिमीटरच्या पाइपातून सेकंदाला जवळजवळ दीड मीटरच्या वेगाने धावतं. व्हेंच्युरीने ओढलेलं खताचं द्रावण या धावत्या पाण्यात पडलं की काही हातांच्या अंतरात ते असं एकजीव होतं की पाइपाच्या वरच्या भागातला थेंब घ्या नाहीतर खालच्या, फरक सापडणार नाही. इथपर्यंत कुणाला काही करावं लागत नाही.

खरी गोष्ट पुढे, १६ मिलिमीटरच्या लॅटरलमध्ये, म्हणजे ड्रीपरच्या नळीत, सुरू होते. ती समजायला आधी एक जुना प्रयोग पाहू.

१८८३ साली मँचेस्टरमध्ये ऑस्बर्न रेनॉल्ड्सने काचेच्या नळीतून पाणी सोडलं आणि त्यात रंगाची बारीक धार सोडली. वेग कमी असताना धार तारेसारखी सरळ राहिली, शेवटपर्यंत. वेग वाढवत नेला तशी एका टप्प्यावर ती थरथरली, फुटली आणि सगळी नळी रंगली. वेग गुणिले नळीचा व्यास, भागिले द्रवाचा चिकटपणा, असा जो अंक येतो त्याला आता रेनॉल्ड्स अंक म्हणतात. यातला चिकटपणा म्हणजे शास्त्रीय भाषेत शुद्धगतिक श्यानता. नळीतल्या प्रवाहात हा अंक २ हजारांच्या आसपास किंवा खाली असला की पाणी थरांथरांनी शिस्तीत सरकतं. चार हजारांच्या वर गेला की भोवरे उठतात आणि पाणी स्वतःच स्वतःला घुसळतं. वर सांगितलेल्या ६३ मिलिमीटरच्या पाइपात हा अंक ८० हजारांच्या घरात असतो. म्हणून तिथे मिसळण फुकट मिळते.

आता ६० मीटर लांबीच्या एका लॅटरलचा हिशेब करू. तिच्यावर १५० ड्रीपर, म्हणजे तोंडाशी ताशी ३०० लिटर पाणी शिरतं. आतला व्यास १४ मिलिमीटर धरला तर वेग सेकंदाला अर्ध्या मीटरहून थोडा जास्त आणि रेनॉल्ड्स अंक साडेसात हजार. चांगलं घुसळलेलं पाणी. पण प्रत्येक ड्रीपर आपला वाटा काढून घेतो आणि उरलेलं पुढे जातं. पुढे ड्रीपर जितके शिल्लक, तितकाच वेग. गणित इतकं सोपं आहे की पाटीवर करता येईल: पुढच्या एका ड्रीपरमागे रेनॉल्ड्स अंक ५०. म्हणजे ४० ड्रीपर शिल्लक राहतात तिथे तो २ हजारांवर येतो. दर ४० सेंटिमीटरला एक याप्रमाणे ४० ड्रीपर म्हणजे १६ मीटर. या शेवटच्या १६ मीटरमध्ये पाण्याचं खळाळणं संपतं. अगदी शेवटच्या तुकड्यात पाणी सेकंदाला साडेतीन मिलिमीटर सरकतं. मुंगी याहून भराभर चालते.

या हिशेबातून वेळेचं जे चित्र निघतं ते मला स्वतःला फार बोलकं वाटतं. नळीचा पहिला अर्धा भाग, म्हणजे ३० मीटर, पाणी सव्वा मिनिटात ओलांडतं. उरलेल्या अर्ध्या भागाला नऊ मिनिटं लागतात. त्यातलीही पाच मिनिटांहून जास्त शेवटच्या चार मीटरमध्ये जातात, आणि सर्वांत शेवटचे ४० सेंटिमीटर पार करायला जवळजवळ दोन मिनिटं. सबमेनपासून टोकापर्यंत एकूण दहा मिनिटं.

समजा, व्हेंच्युरी वीस मिनिटं चालवली आणि ड्रममधलं द्रावण संपताच मोटार बंद केली. किंवा आपण बंद केली नाही, वीजच गेली. शेतीच्या विजेच्या बाबतीत हे काही नवल नाही. पहिल्या ड्रीपरने वीस मिनिटं खत दिलं. नळीच्या मध्यावरच्या ड्रीपरने पावणेएकोणीस मिनिटं. शेवटून दहाव्या ड्रीपरने पंधरा. आणि सर्वांत शेवटच्याने फक्त दहा, म्हणजे बरोबर निम्मं. पाणी सगळ्यांनी सारखंच दिलं, त्यामुळे ओलीत फरक दिसत नाही. फरक दिसतो तो पानात, काही आठवड्यांनी. विद्राव्य खताची पिशवी किती किलोची आणि एकरी किती सोडायची, हे सगळ्यांना पाठ असतं. किती मिनिटं सोडायची आणि नंतर किती मिनिटं नुसतं पाणी चालवायचं, हे क्वचितच कुणी विचारतं. माझ्या मते आपल्याकडच्या खतसल्ल्यात हीच सर्वांत मोठी उणीव आहे.

त्यावरचा उपाय साधा आहे. आधी नुसतं पाणी सोडून दाब स्थिर होऊ द्यायचा, मग खत, आणि मग पुन्हा नुसतं पाणी. नंतरचं पाणी पुरेसं चाललं तर पहिल्या आणि शेवटच्या ड्रीपरला खताचा वाटा सारखाच मिळतो, फक्त शेवटच्याला उशिरा मिळतो. पण "पुरेसं" म्हणजे किती? नळीतून जायला दहा मिनिटं लागतात, म्हणून दहा मिनिटं पुरतील असं वाटेल. पुरत नाहीत. कारण ही दहा मिनिटं सरासरी वेगाची आहेत, आणि संथ प्रवाहात सरासरीने चालणारं पाणी फार थोडं असतं.

थरांथरांनी वाहणाऱ्या पाण्यात नळीच्या मधोमधचा थर सरासरीच्या दुप्पट वेगाने जातो आणि भिंतीला टेकलेला थर जवळजवळ जागचा हलत नाही. खळाळत्या पाण्यात भोवरे या दोघांची सतत अदलाबदल करत असतात. संथ पाण्यात ती होत नाही. मधलं साधं पाणी पुढे निघून जातं आणि भिंतीजवळ खताचं पाणी मागे रेंगाळतं. ते आपोआप मधल्या पाण्यात पसरणार नाही का? पसरतं, पण विसरण, म्हणजे हे आपोआप होणारं पसरणं, ही फार आळशी गोष्ट आहे. विरघळलेल्या पोटॅशियम नायट्रेटसारख्या क्षाराला स्थिर पाण्यात एक मिलिमीटर पसरायला चार-पाच मिनिटं लागतात. अंतर दहापट झालं की वेळ शंभरपट होतो. एका सेंटिमीटरला सात तास. आपल्या नळीच्या मध्यापासून भिंतीपर्यंत सात मिलिमीटर आहेत, म्हणजे साडेतीन तास. तेवढा वेळ मोटार चालवायला कुणालाच परवडत नाही. इनलाइन नळीत आत बसवलेले ड्रीपर थोडे पुढे आलेले असतात आणि त्यांना वळसा घालताना पाणी थोडं ढवळलं जातं, ही त्यातल्या त्यात मदत. तरीही नुसत्या पाण्याची वेळ टोकापर्यंतच्या वेळेच्या दुप्पट, म्हणजे इथे वीसेक मिनिटं धरलेली बरी.

मग संथ पाणी मिसळायचंच कसं? या प्रश्नात अनेक मोठ्या माणसांनी आयुष्यं घातली आहेत, आणि त्यातला सर्वांत चकवा देणारा प्रयोग ब्रिटिश शास्त्रज्ञ जी. आय. टेलर यांचा. १९६० च्या दशकात त्यांनी शिकवण्यासाठी बनवलेल्या चित्रफितीत तो आहे. एकात एक अशा दोन नळकांड्यांच्या मधल्या फटीत ग्लिसरीनसारखा दाट द्रव भरायचा. त्यात रंगाचा ठिपका सोडायचा आणि आतलं नळकांडं हळूहळू काही फेरे फिरवायचं. ठिपका ताणला जातो, पसरतो, दिसेनासा होतो. कोणीही म्हणेल, मिसळला. मग नळकांडं तितकेच फेरे उलटं फिरवायचं. रंग गोळा होत होत पुन्हा मूळ जागी ठिपका उभा राहतो!

यात जादू नाही. इतक्या संथ प्रवाहात जडत्वाला किंमत उरत नाही. द्रवाचा प्रत्येक कण ज्या वाटेने गेला त्याच वाटेने परत येतो. ड्रममध्ये दोनशे लिटर पाण्यात काठीने खत ढवळताना आपण हे कधी अनुभवत नाही, कारण तिथे जागा मोठी आणि हात जोरकस. काठीमागे भोवरे उठतात आणि त्यांना परतीची वाट नसते. अरुंद फटीत मात्र जोर लावून उपयोग नाही. पुढे-मागे, पुढे-मागे असं कितीही हलवलं तरी जे केलं ते परत निस्तरलं जातं.

तेव्हा युक्ती एकच: द्रवाला अशा वाटेने न्यायचं की तो ताणला जाईल आणि स्वतःवर दुमडला जाईल, आणि हे पुन्हा पुन्हा होईल. घडीची पोळी करताना हेच होतं. लाटायचं, तेल लावायचं, घडी घालायची, परत लाटायचं. प्रत्येक घडीला पदर दुप्पट. चार घड्यांत सोळा, दहा घड्यांत हजाराहून जास्त. पोळीवाल्या बाईला एवढे पदर नको असतात, पण मिसळणाऱ्याला हवेच असतात. एक मिलिमीटर जाडीचा थर दहा वेळा ताणून दुमडला तर पदराची जाडी सुमारे एका मायक्रॉनवर येते. आणि मघाशी आळशी म्हटलेलं विसरण एवढंसं अंतर एका मिलिसेकंदाच्या आत कापतं. म्हणजे शेवटचं काम विसरणच करतं. आपण फक्त त्याचं अंतर कमी करून देतो.

या घड्या गणिताच्या भाषेत पहिल्यांदा नीट उलगडल्या त्या हसन अरेफ यांनी, १९८४ मध्ये. गोल भांड्यात दोन भोवरे कल्पायचे आणि ते आळीपाळीने चालू-बंद करायचे. प्रत्येक भोवरा एकटा असताना अगदी सज्जन, सुव्यवस्थित. पण त्यांची अदलाबदल होत राहिली की कणांच्या वाटा एकमेकींपासून झपाट्याने फाकत जातात आणि रंग सगळ्या भांड्यात विणला जातो. प्रवाह संथच, तरी मिसळण पक्की. याला गोंधळी अभिवहन असं जड नाव मिळालं.

त्याच वर्षी, १९८४ मध्येच, दिल्लीच्या आयआयटीतले ए. के. सक्सेना आणि के. डी. पी. निगम यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांची वस्तू हातात धरता येईल अशी होती: गुंडाळलेली नळी. वळणदार नळीत पाणी सरळ जात नाही. वळणाच्या बाहेरच्या अंगाला ढकललं जातं आणि नळीच्या आत दोन जुळे भोवरे फिरू लागतात. डब्ल्यू. आर. डीन यांनी हे १९२० च्या दशकात गणिताने दाखवलं होतं. पण एकच एक गुंडाळी असली तर तेच दोन भोवरे तसेच फिरत राहतात आणि पाण्याचे दोन गट आपापल्या गल्लीत अडकतात. सक्सेना-निगम यांनी काही वेटोळ्यांनंतर नळी काटकोनात वळवली आणि पुढची वेटोळी वेगळ्या दिशेने गुंडाळली. भोवऱ्यांची जागा बदलली, गल्ल्या मोडल्या. आत पंखा नाही, मोटार नाही, हलणारा एकही भाग नाही. भारतातल्या प्रयोगशाळेतून निघालेली ही गुंडाळी आज जगभर रासायनिक उद्योगाच्या अभ्यासात आहे, आणि आपल्याकडे तिचं नाव फारसं कुणाला ठाऊक नाही.

ताणण्या-दुमडण्याची हीच युक्ती दाताच्या डॉक्टरकडेही असते: जबड्याचा साचा घेताना तिथे एक पिस्तुलासारखी वस्तू वापरतात. तिच्या टोकाला प्लॅस्टिकची तोटी असते आणि तोटीत पिळाची पट्टी. एक तुकडा डावीकडे पिळलेला, पुढचा उजवीकडे. दोन रसायनं एका टोकातून शिरतात आणि प्रत्येक तुकड्यात दुभागून, फिरून, पुन्हा एकत्र येतात. तुकडे दहा-बारा असले की पदर हजारांत जातात. दोन्ही रसायनं लापशीसारखी दाट. पण बाहेर पडेपर्यंत एकरंगी होतात.

केसासारख्या बारीक वाटेत पिळाची पट्टी बसवणार कशी? २००२ साली हार्वर्डमधल्या अब्राहम स्ट्रूक आणि सहकाऱ्यांनी त्यावर अगदी सोपं उत्तर काढलं. सुमारे २०० मायक्रॉन रुंदीच्या वाटेच्या तळाला त्यांनी तिरक्या खाचा पाडल्या, माशाच्या काट्यासारख्या, आणि काही अंतराने त्यांचं टोक एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला सरकवलं. तळाच्या खाचांमुळे पाणी आडवं ढकललं जातं, भोवरे तयार होतात, टोक सरकलं की भोवऱ्यांची जागा बदलते. शेजारी-शेजारी सोडलेले दोन प्रवाह सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरमध्ये मिसळले. त्याहून मोठी गोष्ट अशी, की वेग शेकडो पटींनी वाढवला तरी मिसळायला लागणारी लांबी अडीचपटीपलीकडे वाढली नाही. गुळगुळीत वाटेत ती वेगाच्याच पटीत वाढली असती. आरएनएवर आधारित औषधांसाठी चरबीचे नॅनोकण बनवताना अल्कोहोलमधले स्निग्ध रेणू आणि पाण्यातला आरएनए मिलिसेकंदांत एकत्र यावे लागतात, नाहीतर कण लहान-मोठे होतात. प्रयोगशाळांनी त्यासाठी हीच खाचांची वाट वापरली.

महाराष्ट्राचं या विषयाशी नातं जुनं आहे, पण ते सुरू झालं दुसऱ्या टोकापासून, मोठ्या टाक्यांपासून. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे पूर्वीच्या यूडीसीटीत, ज्येष्ठराज जोशी यांनी ढवळपात्रं आणि बुडबुड्यांच्या उंच स्तंभांमधल्या प्रवाहांवर प्रदीर्घ काम केलं. २०१४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. बारीक वाटांचं काम पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत चालतं. तिथले अमोल कुलकर्णी नळीतून अखंड चालणाऱ्या रासायनिक प्रक्रियांवर संशोधन करतात आणि २०२० चा अभियांत्रिकीचा भटनागर पुरस्कार मिळालेल्यांमध्ये ते आहेत. टाकी सोडून नळीकडे वळण्याचं कारण उष्णता. काही अभिक्रिया इतक्या तापतात की मोठ्या टाकीत एखाद्या कोपऱ्यातलं तापमान हाताबाहेर जाऊ शकतं. बारीक नळीत उष्णता भिंतीतून चटकन निघून जाते. पण नळी बारीक केली की प्रवाह संथ होतो, मिसळण बसते, आणि मग वळणं, खाचा, पिळ यांवाचून गत्यंतर नसतं.

शेतात परत आलं तर कळतं की यातली एक युक्ती तिथे आधीपासूनच जमिनीवर पडलेली आहे, एकरात साडेसहा हजार नग. जुना ड्रीपर कापून पाहा. आत दातेरी, नागमोडी वाट असते, साधारण एक मिलिमीटर रुंदीची. ठिबकच्या सुरुवातीच्या काळात असं नव्हतं. इस्रायलचे अभियंते सिम्हा ब्लास यांनी ज्या कल्पनेवर काम केलं, आणि १९६५ मध्ये हात्झेरीमच्या किब्बुत्झने, म्हणजे सामूहिक वसाहतीने, ज्यावर नेटाफिम कंपनी उभी केली, तिच्यात पाणी लांबलचक पिळाच्या गुळगुळीत वाटेने नेऊन घर्षणाने त्याचा जोर जिरवायचा होता. चाललंही. पण गुळगुळीत वाटेतला प्रवाह थरांचा असला की दोन अडचणी येतात. दाब वीस टक्के घटला की पाणीही वीस टक्के घटतं. आणि पाणी तापलं की ते पातळ होतं: २० अंशांवरून ४० अंशांवर गेलं की त्याचा चिकटपणा एकतृतीयांशाने कमी होतो आणि तितक्याच दाबाला दीडपट पाणी सुटतं. वऱ्हाडातल्या उन्हात काळ्या नळीतलं पाणी टोकापर्यंत किती तापतं, हे सांगायला नको.

दातेरी वाटेने दोन्ही अडचणी बऱ्याच अंशी मिटवल्या. ताशी २ लिटरच्या ड्रीपरमध्ये रेनॉल्ड्स अंक साधारण सातशेच्या आसपास भरतो. सरळ गुळगुळीत नळीत या अंकाला पाणी शांतच राहिलं असतं. पण प्रत्येक दातावर ते आदळतं, वळतं, दातामागच्या कोपऱ्यात भोवरा सोडतं. जोर घर्षणाऐवजी या भोवऱ्यांत जिरतो. आता दाब वीस टक्के घटला तर पाणी दहाच टक्के घटतं, आणि तापमानाचा परिणाम नावापुरता उरतो. शिवाय त्या धुमश्चक्रीत बारीक गाळाला बसायला निवांत जागा मिळत नाही. म्हणजे सगळ्या ठिबक संचात पाणी जिथे सर्वांत अरुंद जागेतून जातं, तिथेच ते उत्तम ढवळलं जातं. आणि जिथे जागा ऐसपैस, त्या नळीच्या टोकाला ते मेल्यासारखं पडून राहतं!

टोकाच्या गाळाचाही हिशेब करता येतो. फिल्टरमधून सहज निसटणारा ५० मायक्रॉनचा पोयट्याचा कण स्थिर पाण्यात सेकंदाला सव्वादोन मिलिमीटर खाली बसतो. नळी चौदा मिलिमीटरची, म्हणजे सहा-सात सेकंदांत तळ गाठला. नळीच्या तोंडाशी भोवरे त्याला उचलून धरतात; टोकाला तो दोन-तीन सेंटिमीटर पुढे जाईपर्यंत खाली बसलेला असतो. त्यावर शेवाळ चढतं, विहिरीच्या जड पाण्यातला चुना बसतो, मग ड्रीपर तुंबतो, आणि मग मेकॅनिक म्हणतो ते खरं ठरतं.

टोकाची टोपी उघडून नळी धुणं, म्हणजे फ्लशिंग, हा संथ प्रवाहाला तात्पुरता खळाळता करण्याचाच प्रकार आहे. धुताना टोकाशी पाण्याचा वेग सेकंदाला निदान ३० सेंटिमीटर हवा, असा ठिबकच्या आराखड्यातला दंडक आहे. आपल्या नळीत या वेगाला रेनॉल्ड्स अंक ४ हजारांच्या वर जातो, म्हणजे टोक पुन्हा जिवंत होतं. त्यासाठी त्या नळीच्या टोकातून ताशी १६५ लिटर पाणी बाहेर पडायला हवं. सगळ्या टोप्या एकदम काढल्या तर दाब पडतो आणि कुठल्याच नळीत हा वेग येत नाही. गढूळ पाणी टिपटिप गळतं आणि काम झालं असं वाटतं. पाच-दहा टोप्या एका वेळी काढायच्या, पाणी नितळ येईपर्यंत थांबायचं, मग पुढच्या. ठिबकचा संच घ्यायला केंद्र-राज्याचं मिळून लहान शेतकऱ्याला ८० टक्क्यांपर्यंत अनुदान मिळतं. टोप्या काढायच्या कामाला ते नाही, म्हणून तेवढं राहून जातं.

मिसळण नेहमी चांगलीच, असंही नाही. कॅल्शियम नायट्रेट आणि १२:६१:०० एकाच ड्रममध्ये टाकलं तर कॅल्शियम आणि फॉस्फेट मिळून न विरघळणारा पांढरा साका तयार होतो. सल्फेटच्या खताबरोबर जिप्समचा साका होतो. अशा दोन खतांमध्ये संथ प्रवाहाची अडचण दुहेरी असते. पहिलं खत सोडून झालं, पाच मिनिटं पाणी चालवलं आणि दुसरं सोडलं, तर नळीच्या तोंडाशी काहीच होणार नाही. पण टोकाला भिंतीलगत पहिलं खत अजून रेंगाळत असतं आणि दुसरं येऊन त्याला गाठतं. साका तिथेच होतो, ड्रीपरच्या दारात. दोन्ही खतं वेगवेगळ्या दिवशी देणं हा सोपा मार्ग. शंका असल्यास बाटलीत, शेतात देणार त्याच प्रमाणात, आपल्याच विहिरीच्या पाण्यात दोन्ही मिसळून तासभर ठेवायचं. पाणी दुधाळ झालं तर समजून जायचं. रिसोड तालुक्यात करड्याला कृषी विज्ञान केंद्र आहे. पाण्याच्या जडपणाचा प्रश्न तिथे नेता येतो.

ड्रीपरमधून थेंब पडला की गोष्ट संपली असं वाटतं. खरं तर सर्वांत अरुंद आणि सर्वांत संथ प्रवास पुढेच आहे. काळ्या मातीच्या कणांमधल्या फटी काही मायक्रॉनच्या, आणि त्यांतून झिरपणाऱ्या पाण्याचा रेनॉल्ड्स अंक हजारांश किंवा त्याहूनही कमी. तिथे भोवऱ्याचं नाव नको. पण फटी सरळ नसतात. प्रत्येक कणाशी वाट दुभंगते, पुढे दुसऱ्या वाटेला मिळते, पुन्हा दुभंगते. ताणणं आणि दुमडणं इथे मातीच करते, अर्थात ओबडधोबडपणे: काही फटींतून पाणी भरभर जातं आणि बाजूच्या बंद कोपऱ्यांत जुनं पाणी तसंच राहतं. नायट्रेट पाण्याबरोबर चालत जातं. फॉस्फेटला मात्र चिकणमातीचे कण वाटेतच धरून ठेवतात, त्यामुळे ते ड्रीपरपासून फार लांब जात नाही.

या बंद कोपऱ्यांना हलवण्याची एक नवीन तऱ्हा गेल्या काही वर्षांत पुढे आली आहे. पाण्यात लांब साखळ्यांचे पॉलिमर रेणू अगदी थोड्या प्रमाणात विरघळवले की पाण्याला लवचीकपणा येतो. वळणावर हे रेणू ताणले जातात, मग आखडतात, आणि त्या ओढाताणीत प्रवाह पिसाटल्यासारखा होतो, जडत्व जवळजवळ शून्य असतानाही. अलेक्झांडर ग्रॉइसमन आणि व्हिक्टर स्टाइनबर्ग यांनी २००० साली हे फिरत्या तबकडीखालच्या द्रवात दाखवलं आणि पुढच्याच वर्षी नागमोडी वाटेत त्याचा मिसळणीसाठी उपयोग करून दाखवला. २०२१ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातले क्रिस्टोफर ब्राउन आणि सुजित दत्ता यांनी काचेच्या मण्यांनी भरलेल्या पात्रात, म्हणजे मातीच्या पारदर्शक नमुन्यात, प्रत्येक फटीतला हा पिसाटपणा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. फटी सगळ्या एकदम चळत नाहीत. एक क्षणभर शांत, तर शेजारची उसळलेली, असं चालतं. प्रदूषित भूजल धुऊन काढताना औषधी द्रावण बंद कोपऱ्यांपर्यंत पोचवायला याचा उपयोग व्हावा, हा त्यामागचा हेतू.

हळदीच्या वाफ्यात ते पॉलिमर सोडायची घाई कुणी करू नये. एक म्हणजे पात्रातले मणी एकसारखे गोल आणि कडक असतात. काळी माती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते, आणि तिच्या फटी ओलीबरोबर बदलतात. दुसरं, या पिसाटपणाला ठरावीक वेग लागतो आणि त्यासाठी जास्तीचा दाब. ड्रीपरखालच्या ओलाव्यात पाणी केवळ स्वतःच्या ओढीने पसरत असतं. तिथे तो दाब आणायचा कुठून?